पिकअपवरच्या टूलबॉक्सचं लॉक सारखं का जातं? आधी पेटी बघा, मग लॉक

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. रत्नागिरी साइडला प्लंबिंगची कामं, पिकअपच्या हौद्यात गावातल्याच फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेली लोखंडी पेटी, वरच्या झाकणाला चावीचं गोल कॅम लॉक, दोन पावसाळ्यांत तीन लॉकं बदलून झाली आणि शेवटच्यात तर चावीच आत तुटून बसली. आता विचारताय की कुठल्या कंपनीचं लॉक घेऊ म्हणजे टिकेल. कंपनीचं शेवटी बघू, पण एकाच जागेवर लागोपाठ तीन लॉकं जातात तेव्हा माझा पहिला संशय लॉकवर नसतो, पेटीवर असतो. मी फॅब्रिकेशनही करतो आणि लॉक दुरुस्तीही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघायची सवय आहे, आणि "लॉक गेलंय" म्हणून ज्या पेट्या येतात त्यातल्या बऱ्याच पेट्यांत लॉकवर दुसऱ्याच कुणाचा तरी भार आलेला असतो.

पेटी समोर नसताना छातीठोक सांगता येणार नाही हेही खरं. पत्रा किती गेजचा आहे, झाकण किती लांब आहे, गाडी समुद्राजवळ उघड्यावर उभी असते का, पेटीत काय काय ठेवता, यावर उत्तर बदलतं. म्हणून आधी एक टेस्ट करा, पाच मिनिटांचं काम आहे.

झाकण उघडं ठेवा आणि तसंच चावी फिरवून बघा. उघड्या झाकणाला चावी लोण्यासारखी फिरत असेल आणि झाकण लावल्यावरच अडकत असेल तर लॉक चांगलं आहे, नवीन आणून पैसे घालवू नका. उघड्या झाकणालाही अडकत असेल तर मात्र बिघाड लॉकमध्ये किंवा चावीत आहे. दुसरं, झाकण लावून एका हाताने लॉकच्या वर जोरात दाबा आणि दुसऱ्या हाताने चावी फिरवा. दाबल्यावर सहज फिरली म्हणजे झाकण कॅमला वर ओढतंय. तिसरं, ठेवणीतली दुसरी चावी, जी रोज वापरत नाही ती लावून बघा. ती चालली आणि रोजची चालत नाही म्हणजे रोजची चावी झिजलीय. तुमच्या केसमध्ये चावी तुटलीय, त्यामुळे ह्या टेस्ट नवीन लॉक लावल्यावर लगेच करा, महिन्याभराने नाही.

आता हे असं का होतं ते सांगतो. कॅम लॉक म्हणजे काय तर एक गोल बॉडी, आत फिरणारा गाभा, गाभ्याच्या शेपटीला चौकोनी टोक, आणि त्या टोकावर बोल्टने आवळलेली एक लोखंडी पट्टी, तिलाच कॅम म्हणतात. चावी नव्वद अंश फिरवली की पट्टी पेटीच्या काठाखाली जाऊन बसते. ह्या पट्टीचं काम फक्त अडवायचं आहे, कुणी झाकण उचललं तर ते अडलं पाहिजे एवढंच. पण आपल्याकडे होतं काय, झाकण नीट बसत नाही म्हणून लोक चावीच्या जोरावरच ते खाली खेचून घेतात. म्हणजे झाकण ओढायचं काम ती चावी, ते चौकोनी टोक आणि ती पातळ पट्टी करते. त्यात स्वस्तातल्या लॉकची बॉडी आणि गाभा बहुतेक वेळा झमॅकचा, म्हणजे जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम घालून ओतलेल्या मिश्रधातूचा असतो, वरून क्रोमची चमक. हा धातू ओतायला सोपा म्हणून स्वस्त पडतो पण पिळायला लागलात की चौकोनाचे कोपरे गोल व्हायला लागतात. मग चावी फिरते पण पट्टी फिरत नाही, किंवा चौकोन टिकला तर चावी मुळापाशी पिळत जाते आणि एक दिवस तुटते. तुमची चावी तशीच तुटली असणार असं मला वाटतं, पण तुटलेला तुकडा बघा, मान पिळलेली दिसली तर हेच कारण. सरळ तुकडा पडला असेल आणि दातांच्या खाचेतूनच गेली असेल तर जुनी झिजलेली चावी किंवा नरम धातूची डुप्लिकेट.

झाकण का ओढावं लागतं, याची कारणं चार-पाच आहेत. एक म्हणजे रबर. पाणी आत जातंय म्हणून लोक जुनं रबर काढून त्याहून जाड रबर चिकटवतात. पाणी थांबतं, पण आता झाकण बंद करायला दाब लागतो आणि तो दाब पूर्ण वेळ कॅमवर राहतो. पोकळ डी आकाराचं रबर लावा, भरीव नको. ते बारा एमएमचं असेल तर झाकण बंद झाल्यावर आठ-नऊ एमएमपर्यंत दबलं पाहिजे, त्याहून जास्त नाही. दुसरं म्हणजे झाकण उचलून धरणारे गॅस स्प्रिंग, ते पेटीच्या मानाने जास्त ताकदीचे बसवले की बंद झाकणालाही सतत वर रेटत राहतात. तिसरं बिजागऱ्या, त्यांची पिन झिजली की झाकण एका बाजूला सरकतं आणि पट्टी काठाला नीट भेटत नाही.

चौथं कारण पिकअपवाल्यांचं खास आहे आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पेटी हौद्याला चारी कोपऱ्यांत बोल्टने गच्च आवळलेली असते, गाडी एका बाजूने चढावर उभी केली किंवा एक चाक खड्ड्यात गेलं की चॅसिस थोडी पिळते आणि तिच्याबरोबर पेटीही पिळते. सपाट जागेवर लॉक मस्त चालतं, कोकणातल्या उताराच्या अंगणात गाडी लावली की अडकतं. तुमच्याकडे असं होतं का ते आठवून बघा. खात्री करायची असेल तर टेप घ्या आणि पेटीच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजा, आधी सपाटीवर, मग उतारावर. सपाटीवरच तीन-चार एमएमपेक्षा जास्त फरक दिसला तर पेटी बनतानाच तिरकी झालीय, आणि फक्त उतारावर फरक वाढला तर बसवण्यात दोष आहे. त्याला उपाय सोपा, चारी बोल्टच्या खाली जाड रबराचे तुकडे टाका, बोल्ट रबर पूर्ण चेपेल इतके आवळू नका आणि डबल नट किंवा नायलॉकचे (आत नायलॉनची रिंग असलेले) नट वापरा म्हणजे सुटणार नाहीत. पेटी लहान असेल तर तीन जागीच बोल्ट मारले तरी चालतं, तीन पायांवर बसलेली वस्तू पिळत नाही.

पाचवी गोष्ट भोकाची, आणि लोकल पेट्यांत ही मला सगळ्यात जास्त सापडते. लॉक काढलंत की त्याची बॉडी बघा, आटे असलेली गोल बॉडी असते पण दोन बाजूंनी सपाट तासलेली. नेहमीच्या मापाच्या लॉकला व्यास एकोणीस एमएमच्या आसपास आणि सपाट बाजूंमधलं अंतर सोळा एमएमच्या आसपास असतं. ह्या सपाट बाजू कशासाठी, तर पत्र्यालाही तसंच दोन सपाट बाजूंचं भोक पाडायचं म्हणजे चावी फिरवल्यावर पूर्ण लॉक फिरत नाही. फॅब्रिकेटर काय करतो, एकोणीस-वीसचं गोल भोक मारून मोकळा होतो, कारण ड्रिलने गोलच भोक पडतं आणि दोन बाजू सोडून कानशीने घासत बसायला वेळ नसतो. आता लॉकला धरून ठेवलंय फक्त मागच्या नटाने. रस्त्याच्या हादऱ्याने नट जरा सैल झाला की चावीबरोबर आख्खं लॉकच दहा-पंधरा अंश फिरतं, पट्टी अर्धवट काठाखाली जाते, तुम्ही अजून जोर लावता. जुन्या लॉकच्या बॉडीवर पत्र्याशी घासल्याच्या गोल गोल रेघा दिसल्या किंवा पेटीवर भोकाभोवतीचा रंग गोलाकार निघालेला दिसला तर समजून जा.

यावर उपाय, दोन एमएम जाडीची साधारण चाळीस बाय चाळीसची पट्टी घ्या, तिच्यात सोळाचं भोक मारून वरच्या-खालच्या बाजूने कानशीने घासत एकोणीसपर्यंत न्या, डाव्या-उजव्या बाजू सपाट ठेवा, लॉक त्यात हाताने दाबून घट्ट बसलं पाहिजे. ही पट्टी झाकणाच्या आतून भोकावर धरून टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके मारा, वेल्डिंग नको असेल तर दोन रिव्हेट. लॉक लावताना मागच्या नटाला आणि कॅमच्या बोल्टला निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, एक-एक थेंब लावा, लाल नको, ते नंतर गरम केल्याशिवाय सुटत नाही.

आणि वेल्डिंग करताना लॉक जागेवर ठेवू नका, कुणी कितीही सांगितलं की "काही होत नाही" तरी. झमॅक ३८० अंशांच्या पुढे वितळायला लागतो, वेल्डिंगची उष्णता पत्र्यातून तिथवर पोचायला वेळ लागत नाही, आणि वितळला नाही तरी आतल्या बारीक स्प्रिंगा नरम पडतात. पावडर कोटिंगचंही तेच, भट्टीत साधारण १८० ते २०० अंश असतात, लॉक त्याच्या आधी काढलेलं असलं पाहिजे. कोटिंगनंतर भोकाच्या कडेला रंगाचा थर चढतो, लॉक आत जात नाही म्हणून हातोडीने ठोकून बसवतात आणि बॉडी पहिल्याच दिवशी दबते, गाभा आत घासायला लागतो. कानशीने कडा साफ करा, उघड्या पडलेल्या लोखंडाला झिंक प्रायमरचा हात मारा, मग लॉक बसवा.

इथपर्यंत पेटीचं झालं. आता लॉकच्या आतलं, कारण तुम्ही समुद्राजवळ आहात आणि तिकडे ही बाजू पण तितकीच वाईट असते.

ह्या लॉकच्या गाभ्यात पितळेच्या पातळ पत्त्या असतात, प्रत्येकीच्या खाली केसासारखी बारीक स्प्रिंग. चावी नसताना पत्त्या बाहेर डोकावून बॉडीच्या खाचेत अडकतात, बरोबर चावी गेली की सगळ्या पत्त्या गाभ्याच्या पातळीत येतात आणि गाभा फिरतो. एका पत्तीखाली जरी लाल मातीचा कण किंवा ग्राइंडिंगचा भुगा बसला तरी ती पूर्ण आत येत नाही, मग चावी थोडी हलवून, थोडी बाहेर ओढून फिरवावी लागते. हे चालू झालं की लोक तेल सोडतात, आणि इथून खरी वाट लागते. घरातलं खोबरेल तर नकोच नको, ते चोवीस अंशांच्या खाली गोठायला लागतं, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पत्त्या त्यात चिकटून बसतात. ग्रीस आणि मशीनचं तेल धूळ धरून ठेवतं आणि काही महिन्यांत आत काळा गाळ होतो. डब्ल्यूडी-४० वाईट नाही, पाणी हाकलायला आणि गाळ सोडवायला मीही वापरतो, पण ते धुण्यासाठी वापरायचं, वंगण म्हणून ते टिकत नाही, थोड्या दिवसांत आपला परिणाम संपवतं.

मग टाकायचं काय? कोरडं वंगण. घाटावरच्या गिऱ्हाइकाला मी ग्राफाइट पावडर खुशाल सांगतो, पण समुद्रकिनाऱ्याला नाही. ग्राफाइट आणि जस्त एकमेकांना लागून असले आणि मध्ये खारट ओलावा आला की जस्त झपाट्याने खायला लागतं, बॅटरीत होतं तसली क्रिया आहे ती. तुमच्याकडे पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) ड्राय स्प्रे वापरा, हार्डवेअरवाल्याकडे नाही मिळाला तर ऑनलाइन मिळतो. पद्धत अशी, आधी चावीच्या भोकात डब्ल्यूडी-४० मारा, चावी दहा-बारा वेळा आतबाहेर करा, दर वेळी फडक्याने पुसा, काळं यायचं थांबेपर्यंत. मग एक दिवस कोरडं होऊ द्या, पंप असेल तर हवा मारा, आणि नंतर पीटीएफई. मे अखेरीस एकदा आणि नवरात्राच्या आसपास एकदा, एवढं पुरतं. आधी कुणी आत ग्राफाइट टाकून ठेवलं असेल तर त्यावर कसलंही तेल सोडू नका, दोन्ही मिळून चिखल होतो.

तुम्ही प्लंबिंग करता म्हणून एक गोष्ट मुद्दाम विचारतो, पेटीत ॲसिडची बाटली असते का? टाइल्स आणि संडास साफ करायचं ते पिवळसर ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिकच असतं, बाटलीचं झाकण कितीही घट्ट लावलं तरी थोडी वाफ सुटतेच, आणि बंद पेटीत ती जाणार कुठं, सगळ्यात आधी जस्त, मग पान्हे, मग पत्रा. लॉकच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी जमलेली असेल, बाहेरून क्रोम अजून चांगला दिसतोय आणि आतूनच जास्त खाल्लं गेलंय असं असेल, तर मीठ एकटं जबाबदार नाही, ॲसिड आहे. ब्लीचिंग पावडरचंही तसंच. ह्या दोन वस्तू पेटीच्या बाहेर, एकमेकींपासून लांब, दोन वेगवेगळ्या प्लास्टिकच्या डब्यांत उघड्या हवेला ठेवा. हे मी इतकं जोर देऊन सांगतोय कारण ही वाफ चालू असेल तर महागातलं लॉकही तितकंच मरतं.

पाण्याचं पण बघा. तुमचं लॉक झाकणाच्या वरच्या सपाट पत्र्यात आहे, म्हणजे चावीचं भोक आभाळाकडे तोंड करून, त्यात पाऊस साचणारच. शक्य असेल तर लॉक समोरच्या उभ्या बाजूला घ्या आणि झाकणाची कड पंचवीस-तीस एमएम खाली वाकवून लॉकच्या वर पागोळीसारखी आणा. ते जमत नसेल तर निदान भोकाला स्प्रिंगची झडप असलेलं लॉक आणि वर रबरी टोपी. पेटीच्या तळाला चार कोपऱ्यांत सहा ते आठ एमएमची भोकं असू द्या. लोक पाणी आत येईल म्हणून ती बुजवतात, पण ओले पान्हे आणि पाइपचे तुकडे आत टाकल्यावर जी वाफ धरते ती बाहेर जायला वाट पाहिजे.

तुटलेली चावी काढायचं राहिलं. तुकडा आत असताना फेविक्विक लावून काढायचा प्रयत्न अजिबात करू नका, गोंद पत्त्यांवर गेला की लॉक संपलं. आधी बघा गाभा सरळ उभा आहे का थोडा फिरलेला आहे, फिरलेला असेल तर पातळ चपट्या टेस्टरने हळूच मूळ जागेवर आणा, कारण चावी जिथून आत जाते त्याच जागेवरून बाहेर येते. मग डब्ल्यूडी-४० मारून पाच मिनिटं थांबा. सुताराच्या बारीक करवतीचं अगदी पातळ पातं घ्या, दाते आपल्याकडे येतील असं धरून चावीच्या दातांच्या बाजूने आत सरकवा, किंचित तिरकं करा आणि ओढा. एका झटक्यात येत नाही, थोडं थोडं येतं. टोक दिसलं की बारीक चिमट्याने धरा. नाहीच आलं तर चावीवाला बोलवा, गाडीची कागदं जवळ ठेवा, चांगला माणूस पेटी कुणाची हे विचारेलच आणि त्याने विचारलंच पाहिजे.

आता तुमचा मूळ प्रश्न, कुठलं लॉक. नावापेक्षा काय बघायचं ते सांगतो. बॉडी पितळेची किंवा स्टेनलेसची असावी, आणि स्टेनलेस घेत असाल तर समुद्राजवळ ३१६ ग्रेड मागा, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते मिठाला जास्त टिकतं, ३०४ ला तुमच्याकडे तपकिरी डाग पडायला लागतात. दुकानदार सॉल्ट स्प्रे टेस्टचे, म्हणजे गंज किती तास रोखला ते बघायच्या टेस्टचे तास सांगेल, त्या टेस्टमध्ये पस्तीस अंशांना पाच टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा मारत राहतात. त्या आकड्यावरून दोन लॉकांची तुलना करता येते, पण इतके तास म्हणजे इतकी वर्षं असा हिशोब करू नका. कॅम लॉक हातात घेऊन चावी लावून डावी-उजवीकडे हलवून बघा, चावी भोकात जितकी कमी डगडगेल तितकं चांगलं. आणि सोबत दोन टॉगल क्लॅम्प, म्हणजे दांडी दाबली की ओढून घट्ट धरणारे खटके घ्या, झाकणाच्या दोन टोकांना लावायला. हे माझं तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं सांगणं आहे, झाकण खाली ओढून धरायचं काम क्लॅम्पला द्या, मग लॉकची पट्टी काठाखाली एखादा एमएम मोकळी राहते आणि चावीला दोन बोटांचाही जोर पुरतो. झाकण चार फुटांपेक्षा लांब असेल तर एकाच मधल्या लॉकने ते कधीच नीट बसणार नाही, टोकं वर राहतात.

म्हणजे क्रम असा धरा, तुकडा काढा, भोकाला आतून पट्टी मारा, कर्ण मोजून बोल्टखाली रबर टाका, क्लॅम्प लावा, ॲसिड बाहेर काढा, आणि ह्या सगळ्यानंतर नवीन लॉक. उलट्या क्रमाने केलंत तर चौथं लॉकही वाया जाईल.

कुणी म्हणेल हे सगळं कशाला, कोयंडा लावून पॅडलॉक अडकवा. साइटवर रात्रभर राहणाऱ्या पेटीला मी स्वतः तेच सांगतो, पण कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर कुलूप कितीही जाड असो, चोर कुलपाला हातच लावणार नाही, सरळ स्क्रू काढेल. कोयंड्याला गोल डोक्याचे बोल्ट आतून नट लावून मारा. बाहेरच्या बिजागरीच्या पिना वर-खाली टॅक मारून बंद करा, नाहीतर पिन ठोकून झाकण मागून उघडता येतं. किनाऱ्याला पितळी बॉडीचं कुलूप घ्या आणि चावीचं भोक खाली राहील असं लटकवा.

नवीन लॉक आणल्यावर दोन चाव्या मिळतील, त्यातली एक घरी ठेवा आणि वापरूच नका. पुढे डुप्लिकेट काढायची वेळ आली तर ती ह्या न वापरलेल्या चावीवरून काढायची, कारण झिजलेल्या चावीवरून काढलेली डुप्लिकेट पहिल्या दिवसापासून झिजलेलीच असते, आणि डुप्लिकेटवरून डुप्लिकेट काढत गेलं की दर वेळी थोडी चूक वाढत जाते. चावीवर किंवा लॉकच्या तोंडावर नंबर कोरलेला असेल तर तो वहीत लिहून ठेवा, काही लॉकांची चावी नुसत्या नंबरवरूनही बनते. जुन्या लॉकचा, त्याच्या मागच्या चौकोनी टोकाचा आणि पेटीवरच्या भोकाचा फोटो टाकलात तर मी बघून नक्की सांगू शकेन, फक्त फोटो टाकताना चावीचे दात आणि तो नंबर झाकून घ्या.